आकलनाचे गुण आणि घरी शिकणारी मुले

माननीय संपादक,
सविनय नमस्कार वि. वि.

आपल्या वाचकांमध्ये मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणारे पालकही आहेत, आणि वाचनाकलनाच्या चाचणीचा निकाल हाती आल्यावर त्यांच्यापैकी अनेकांना जो प्रश्न पडतो, त्याविषयी मी हे पत्र लिहीत आहे. मूल घरात सतत पुस्तक घेऊन बसलेले असते, वाचलेल्या गोष्टी रंगवून सांगते, मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच नेमका प्रश्न विचारते, आणि तरीही प्रमाणित चाचणीत उताऱ्यावरच्या प्रश्नांत त्याचे गुण घसरलेले दिसतात. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत अशा निकालाची जबाबदारी निदान वाटली तरी जाते. घरी शिकवणाऱ्या आईवडिलांना तो थेट स्वतःचाच निकाल वाटतो. मग घाईघाईने सराव-उताऱ्यांचे जाडजूड पुस्तक आणले जाते, रोज एक उतारा आणि त्याखालचे प्रश्न असा रतीब सुरू होतो, काही महिन्यांनी पुन्हा चाचणी दिली जाते, गुण जिथल्या तिथे असतात आणि मधल्या काळात मुलाची वाचनावरची वासना मात्र उडालेली असते.

मी स्वतः घरी मुलांना शिकवते आणि इतर काही कुटुंबांतल्या मुलांबरोबरही वाचनाला बसते. त्या अनुभवावरून आणि या विषयावरच्या संशोधनाच्या वाचनावरून माझे असे मत झाले आहे की आकलनाच्या कमी गुणांमागे तीन-चार अगदी वेगवेगळी कारणे असू शकतात, त्यांतले आपल्या मुलाचे कारण कोणते हे शोधल्याखेरीज केलेला सराव बहुधा वाया जातो, आणि पुष्कळ मुलांना जे कमी पडत असते ते सरावाच्या पुस्तकात नसतेच.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाकलनाचे एक साधे सूत्र मांडले. छापलेला शब्द ओळखण्याची क्षमता आणि बोललेली भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे वाचनाकलन, असे ते सूत्र सांगते. त्यांनी बेरीज न धरता गुणाकार धरला याला महत्त्व आहे, कारण गुणाकारात एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही भक्कम असून उपयोग होत नाही. या सूत्रातून घरच्या घरी करता येण्याजोगी एक तपासणी निघते. सारख्याच काठिण्यपातळीचे दोन अनोळखी उतारे घ्यावेत. एक आपण मुलाला वाचून दाखवावा आणि प्रश्न तोंडी विचारावेत. दुसरा मुलाने मनात वाचावा आणि त्यावरचे प्रश्नही तोंडीच विचारावेत. एकाच प्रयत्नावरून निष्कर्ष न काढता निरनिराळ्या विषयांचे उतारे घेऊन हे काही वेळा करावे. वाचून दाखवताना आवाजातले चढउतार, मधले थांबे आणि चेहऱ्यावरचे भाव यांतून आपण नकळत अर्धा अर्थ पुरवत असतो, तेव्हा शक्य तितके सपाट वाचावे. हे वाटते तितके सोपे नाही.

ऐकलेला उतारा मुलाला चांगला समजला आणि स्वतः वाचलेला समजला नाही, तर अडचण शब्द ओळखण्यात किंवा वाचनाच्या ओघात आहे. जोडाक्षरांशी झगडणाऱ्या, काना-मात्रा गाळणाऱ्या किंवा पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने म्हणणाऱ्या मुलाचे सारे लक्ष तिथेच खर्ची पडते आणि वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात हातची सुटलेली असते. अशा मुलाला अनुमानाचे प्रश्न सोडवायला देण्यात अर्थ नाही. त्याला शब्दवाचनाची पद्धतशीर उजळणी हवी, आणि एकच परिच्छेद ओघ येईपर्यंत पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचण्याचा, शेजारी बसलेल्या कोणीतरी चुका हळुवारपणे दुरुस्त करण्याचा सराव हवा. बरेच दिवस असे करूनही फरक पडला नाही, तर डोळे आणि कान तपासून घ्यावेत व वाचन-अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. घरी शिकणाऱ्या मुलाकडे पाहणारी दुसरी शिक्षकी नजर नसल्यामुळे हे पाऊल उचलायला पालकांकडून उशीर होण्याची शक्यता अधिक असते.

दोन्ही उतारे नीट समजले नाहीत, तर प्रश्न अक्षरांचा कमी आणि भाषेचा, शब्दसंग्रहाचा व माहितीचा अधिक असतो. ही मुले पालकांच्या लक्षात सर्वांत उशिरा येतात. जेन ओकहिल आणि केट केन यांनी अनेक वर्षे अशा मुलांचा अभ्यास केला आहे, जी न अडखळता, वयाला साजेशा अचूकतेने वाचतात, पण वाचलेल्याचा अर्थ त्यांच्या हाती पुरता लागत नाही. असे मूल खणखणीत आवाजात पानभर वाचते, ऐकणारे कौतुकाने मान डोलावतात आणि अर्थ विचारण्याची गरजच कोणाला वाटत नाही. तिसरी शक्यता अशी की दोन्ही उतारे समजलेले असतात, तोंडी उत्तरे ठाकठीक येतात आणि तरी चाचणीत गुण मिळत नाहीत. तेव्हा दोष चाचणी देण्याच्या रीतीत शोधावा लागतो. त्याकडे मी पुढे येणार आहे.

माहितीविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आकलन हे पोहण्यासारखे एक स्वतंत्र कौशल्य आहे, एकदा कमावले की कोणत्याही पाण्यात चालते, असा समज फार रुजलेला आहे. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एक परिच्छेद ऐकवला होता. त्यातला एकही शब्द अवघड नव्हता. वस्तूंचे निरनिराळे गट करावेत, एका वेळी फार करू नये, सोय नसेल तर दुसरीकडे जावे लागेल, अशा धर्तीची साधी वाक्ये होती. विषय न सांगता ज्यांना तो ऐकवला त्यांना तो धड समजला नाही आणि नंतर फारसा आठवलाही नाही. परिच्छेद कपडे धुण्याविषयी आहे एवढेच ज्यांना आधी सांगितले होते, त्यांना तो पुष्कळच अधिक समजला. ज्यांना हीच गोष्ट ऐकून झाल्यावर सांगितली, त्यांना तिचा विशेष उपयोग झाला नाही. म्हणजे माहिती वाचताना हाताशी असावी लागते. ती मागाहून जोडून भागत नाही.

याहून बोलका प्रयोग डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्यातल्या एका डावाच्या भागाचे वर्णन वाचायला दिले आणि वाचलेले प्रसंग मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून दाखवायला व शब्दांत सांगायला लावले. मुलांची विभागणी दोन गोष्टींवरून केलेली होती: वाचनाच्या चाचणीत ती चांगली होती की कच्ची, आणि त्यांना बेसबॉलची माहिती भरपूर होती की थोडी. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात चांगली पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. चाचणीत कच्चे ठरलेले मूल ओळखीच्या विषयात शिरले की चांगला वाचक होते, हे ज्या पालकांनी आपल्या मुलाला आवडत्या विषयाचे पुस्तक वाचताना पाहिले आहे त्यांना नव्याने सांगायला नको. प्रश्न एवढाच उरतो की चाचणीतला उतारा कोणत्या विषयावर येईल हे कोणालाच आधी ठाऊक नसते.

यावर रोज वेगळ्या विषयाचा एक सुटा उतारा हा उपाय वरवर पाहता बरोबर वाटतो, पण प्रत्यक्षात तो कमी कामाचा ठरतो, कारण एका पानाच्या वाचनातून कोणत्याच विषयाची माहिती मनात टिकण्याइतकी रुजत नाही आणि नवे शब्द एकदाच भेटून निघून जातात. त्याऐवजी एकाच विषयावर काही आठवडे सलग वाचावे. मधमाश्यांचे उदाहरण घेऊ. पहिल्या पुस्तकात राणीमाशी, कामकरी माशी, पोळे, मकरंद, पराग हे शब्द अडतात. तिसऱ्या लेखापर्यंत ते ओळखीचे होतात, आणि मग मूल परागणावरचा थोडा अवघड मजकूरही स्वतःच्या बळावर वाचते. त्यातून फुलांच्या आणि पिकांच्या विषयाकडे वळता येते, किंवा मधमाशी नाचाच्या हालचालींतून इतर माश्यांना फुलांची दिशा आणि अंतर कळवते हे शोधून काढणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांच्याकडे जाता येते, ज्यांना १९७३ साली दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. इथवर आलेल्या मुलापुढे चाचणीत प्राण्यांच्या परस्परसंपर्कावरचा, शेतीवरचा किंवा एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगावरचा उतारा आला, तर त्याला तो पूर्ण परका वाटत नाही. शाळेत तास संपल्याची घंटा वाजते आणि विषय बदलावा लागतो. घरी अशी घंटा नसते, ही घरच्या शिक्षणाची मोठी सोय आहे आणि तिचा उपयोग न करता आपण शाळेच्या वेळापत्रकाची नक्कल करत बसतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

अर्थात याच सोयीला दुसरी बाजू आहे. मुलाच्या आवडीमागे जाणे हे घरी शिकवणाऱ्यांचे आवडते तत्त्व असते, आणि ते पाळता पाळता काही मुले वर्षानुवर्षे केवळ डायनोसॉर, केवळ अवकाशयाने किंवा केवळ साहसकथा वाचत राहतात. चौथीच्या सुमाराच्या मुलांच्या वाचनाची जी आंतरराष्ट्रीय चाचणी २००१ सालापासून दर पाच वर्षांनी घेतली जाते, त्या ‘पर्ल्स’मध्ये निम्मा भर कथात्मक मजकुरावर आणि निम्मा माहितीपर मजकुरावर असतो. इतर अनेक चाचण्यांतही गोष्ट, माहिती, सूचना, कधी कविता असे मिश्रण असते. गोष्टीत पात्राच्या मनात काय चालले आहे याकडे लक्ष द्यावे लागते, माहितीच्या मजकुरात मथळे, आकृत्या आणि कारण-परिणाम यांचे धागे धरावे लागतात, आणि एका प्रकारात मुरलेले मूल दुसऱ्यात बिचकते. तेव्हा विषयाची निवड मुलावर सोपवावी, पण त्या विषयावरचे साहित्य निरनिराळ्या प्रकारांचे राहील याची काळजी पालकाने घ्यावी.

माहिती असली तरी मजकुरातले दुवे जुळवण्याचे काम उरतेच, आणि बरीच मुले तिथे घसरतात. पुढचा छोटा मजकूर पाहावा.

‘नंदाने खिडकीबाहेर पाहिले, छत्री पुन्हा खुंटीला अडकवली आणि पायांतले बूट काढले. आता उद्याच, ती म्हणाली. धाकट्या भावाने चेंडू कोपऱ्यात भिरकावला.’

नंदाने छत्री कुठे ठेवली, या प्रश्नाचे उत्तर मजकुरात जसेच्या तसे आहे आणि ते जवळजवळ सर्व मुलांना येते. बाहेर काय घडत असावे, हे विचारल्यावर मात्र काही मुले ‘पाऊस थांबला’ असे सांगतात, आणि हे उत्तर चुकीचे असले तरी बिनबुडाचे नाही. छत्री परत ठेवली म्हणजे तिची गरज उरली नाही, असा त्यामागे विचार आहे. चूक अशी की मुलाने एकाच पुराव्यावर उत्तर बांधले आणि काढलेले बूट व ‘आता उद्याच’ हे शब्द हिशेबात धरले नाहीत. सगळे पुरावे एकत्र ठेवले तर पाऊस इतका जोराचा असावा की छत्रीनेही भागणार नाही, असे दिसते. भाऊ का चिडला, या प्रश्नासाठी तर चेंडू, बूट आणि ‘उद्याच’ यांचा मेळ घालून दोघे खेळायला निघाले होते हे न लिहिलेले वाक्य मुलाला स्वतःच तयार करावे लागते. असे उत्तर चुकल्यावर पालकाने बरोबर उत्तर सांगून पुढे जाऊ नये. ‘हे तुला कशावरून वाटले?’ असे विचारून बोट त्या शब्दावर ठेवायला लावावे आणि मग ‘या उत्तरात बूट कुठे बसतात?’ असे विचारावे. माझ्या मते घरी रोज करता येण्याजोग्या सर्व गोष्टींत याहून फलदायी दुसरी नाही, आणि त्यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. जे वाचन चालू आहे त्यातलाच एखादा परिच्छेद पुरतो.

वर उल्लेखलेली ‘पर्ल्स’ चाचणी प्रश्नांची चार प्रकारांत विभागणी करते: स्पष्ट सांगितलेली माहिती शोधणे, सरळ अनुमान काढणे, निरनिराळ्या भागांतले विचार जोडून अर्थ लावणे, आणि मजकुराचे व त्याच्या मांडणीचे मूल्यमापन करणे. मुलाच्या जुन्या उत्तरपत्रिका किंवा सरावाचे कागद घेऊन चुकलेले प्रश्न या चार प्रकारांत वाटून पाहावेत. चुका सर्व प्रकारांत विखुरलेल्या निघाल्या तर कारण बहुधा मागे सांगितलेले शब्दवाचन, भाषा किंवा माहिती यांत असते. त्या एकाच प्रकारात गोळा झालेल्या निघाल्या तर काय शिकवायचे हे आपोआप ठरते. याच वेळी सर्वनामे आणि जोडणारे शब्दही तपासावेत. ‘त्याने’ म्हणजे नेमके कोणी, ‘यामुळे’ म्हणजे कशामुळे, ‘तरीही’ या शब्दाच्या आधी लेखक आपल्याला कोणती अपेक्षा करायला लावतो, हे विचारले की वरवर सुरळीत वाटणाऱ्या वाचनातल्या फटी दिसू लागतात.

आपल्याला समजलेले नाही हे मुलाला कळत नाही, ही आणखी एक अडचण. एलन मार्कमन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना परस्परविरोधी विधाने असलेले छोटे निबंध ऐकवले होते. समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, असे एका निबंधात म्हटले होते आणि तिथले काही मासे आपले खाद्य रंगावरून ओळखतात, असेही त्यातच म्हटले होते. पुष्कळ मुलांना, अगदी बाराव्या वर्षाच्या आसपासच्याही, त्यात काही खटकले नाही. हा प्रयोग खेळ म्हणून घरी सहज करता येतो. ओळखीच्या मजकुरात पालकाने एक विसंगत वाक्य घुसवावे आणि मुलाने ते हुडकून काढावे. काही दिवसांनी मुलाने तसे वाक्य घुसवावे आणि पालकाने शोधावे. दुसऱ्याला फसवण्यासाठी मजकूर इतका बारकाईने वाचावा लागतो की मुलाच्या हातून आपसूकच दुसरे वाचन होते.

अ‍ॅनमरी पॅलिंक्सार आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ साली मांडलेली पद्धतही घराला चांगली मानवते. वाचणाऱ्यांनी आळीपाळीने शिक्षक व्हायचे, आणि प्रत्येक भागानंतर पुढे काय येईल याचा अंदाज करायचा, मजकुरावर एक प्रश्न विचारायचा, न समजलेले उलगडायचे आणि थोडक्यात सारांश सांगायचा, असे तिचे स्वरूप आहे. घरी गट नसतो, पण मूल आणि पालक, किंवा दोन भावंडे एवढी माणसे पुरतात. पालकाने मधूनमधून मुद्दाम ढिसाळ सारांश सांगावा, म्हणजे मूल तो सुधारायला सरसावते. मात्र अशा युक्त्यांचा अतिरेक करू नये. त्या उपयोगी आहेत, पण थोड्या सरावात आत्मसात होतात आणि तोच सराव लांबवत राहिल्याने त्या प्रमाणात अधिक लाभ होताना दिसत नाही, असे मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम यांनी उपलब्ध अभ्यासांच्या आधारे मांडले आहे. प्रत्येक पानावर अंदाज आणि सारांश मागत राहिले तर गोष्टीची गोडी जाते, हे सांगायला संशोधकाचीही गरज नाही.

आता चाचणीच्या रीतीकडे वळते. घरी शिकणाऱ्या मुलांचे गुण इथे जातात ते एका अशा कारणाने, ज्याचा उल्लेख मला फारसा कुठे आढळला नाही. घरी शिकवणारा माणूस मुलाला फार चांगला ओळखतो. मुलाने अर्धे वाक्य बोलले की आई उरलेले मनात पूर्ण करते, ‘ते त्या गोष्टीतल्यासारखे’ एवढ्या उत्तरावर बाबांची मान हलते आणि पुढचा प्रश्न येतो. लिखित चाचणी तपासणारा परका असतो. कागदावर जे आहे तेवढ्यालाच तो गुण देतो. ज्याला आयुष्यात कधी परक्या माणसाला लिहून समजावावे लागले नाही त्या मुलाला प्रश्नाचे पूर्ण उत्तर, मजकुरातला आधार देऊन, स्वयंपूर्ण वाक्यांत लिहायचे असते हेच माहीत नसते. यावर सोपा उपाय आहे. घरी शिकवणाऱ्या दोन कुटुंबांनी मुलांच्या लेखी उत्तरांची अदलाबदल करावी, आणि तपासणाऱ्याने मुलाची ओळख विसरून, कागदावर न लिहिलेले काहीही गृहीत न धरता गुण द्यावेत. परत आलेल्या कागदावरचे ‘कोण?’, ‘केव्हा?’, ‘उताऱ्यात हे कुठे आहे?’ असे शेरे आईच्या वारंवारच्या सूचनांपेक्षा मूल अधिक मनावर घेते.

बहुपर्यायी प्रश्नांत निराळी गोम असते. चुकीचे पर्याय बहुधा ठरावीक साच्यांचे असतात: एकात उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे असतात पण अर्थ उलटलेला असतो, एक पर्याय जगात खरा असतो पण उताऱ्यात तसे म्हटलेले नसते, आणि एखादा उताऱ्यातल्या बारीक तपशिलाबद्दल असतो, प्रश्न मात्र मुख्य मुद्द्याचा असतो. भरपूर वाचणारे चौकस मूल यांतल्या दुसऱ्या सापळ्यात हमखास सापडते, कारण त्याला उताऱ्याबाहेरचे पुष्कळ माहीत असते. म्हणून सरावात बरोबर पर्यायावर खूण करून थांबू नये. उरलेल्या प्रत्येक पर्यायात नेमके काय चुकले हे मुलाने सांगावे. असे तीन प्रश्न तीस प्रश्नांच्या रतीबापेक्षा अधिक शिकवतात. वेळ लावून, मध्ये कोणाला काही न विचारता, मनात वाचून सलग उत्तरे देण्याची सवय घरच्या मोकळ्या वातावरणात लागलेली नसते. चाचणीपूर्वी काही आठवडे ती लावावी, त्याहून आधी तिची गरज नाही. चाचणी संगणकावर असेल तर सरावही संगणकावर करावा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, माहितीपर मजकुराचे आणि वेळेच्या बंधनातल्या वाचनाचे आकलन पडद्यापेक्षा कागदावर सरस असल्याचे दिसून आले होते, तेव्हा कागदावरच्या सरावावरून संगणकावरच्या गुणांचा अंदाज बांधू नये.

सरावाचे पुस्तक घ्यायचेच असेल तर त्याची परीक्षा आधी घ्यावी. जॅनिस कीनन आणि रेबेका बेट्जमन यांनी २००६ साली दाखवून दिले की वाचनाच्या एका प्रचलित चाचणीतल्या अनेक प्रश्नांची उत्तरे उतारे न वाचताही, केवळ अंदाजाने येतील त्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात बरोबर देता येतात. नावाजलेल्या चाचणीची ही गत असेल तर घाईने छापलेल्या सरावपुस्तकांविषयी काय सांगावे! पुस्तकातले दोन-तीन उतारे झाकून फक्त प्रश्न आणि पर्याय मुलापुढे ठेवावेत. मूल बहुतेक उत्तरे बरोबर देऊ लागले तर ते पुस्तक आकलनाचा सराव देत नाही हे उघड आहे आणि ते बाजूला ठेवावे.

शेवटी गुणपत्रकाविषयी थोडेसे. पर्सेंटाइल आणि टक्के यांची गल्लत अजूनही होते. ४० वा पर्सेंटाइल म्हणजे मुलाला ४० टक्के प्रश्न आले असे नसून, तुलनेच्या गटातल्या सुमारे ४० टक्के मुलांपेक्षा त्याचे गुण अधिक आहेत, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक गुणाला मोजमापाच्या चुकीची एक मर्यादा असते आणि चांगल्या चाचणीच्या माहितीपुस्तिकेत ती दिलेली असते. त्या मर्यादेतला चढ किंवा उतार म्हणजे प्रगती किंवा अधोगती समजू नये. एका वर्षी एक चाचणी आणि दुसऱ्या वर्षी दुसरी घेऊन गुणांची तुलना करणे तर सर्वस्वी गैर आहे, कारण कीनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच २००८ साली दाखवल्याप्रमाणे आकलनाच्या निरनिराळ्या चाचण्या एकच गोष्ट मोजत नाहीत. काहींत शब्दवाचनाचा वाटा मोठा असतो, काहींत ऐकून समजण्याचा. माहितीचा साठा महिन्या-दोन महिन्यांत वाढत नसल्यामुळे दर महिन्याला चाचणी घेण्यानेही काही साधत नाही. वर्षातून एकदा, त्याच चाचणीच्या वयानुरूप आवृत्तीवर, एवढे पुरे.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी एक विनंती आहे. मुलांसाठी जो मजकूर आपण छापता त्यात दर आठवड्याला नवा विषय घेण्याऐवजी एकच विषय चार-सहा आठवडे चालवावा, कधी गोष्टीच्या रूपाने, कधी माहितीच्या, कधी एखाद्या प्रयोगाच्या सूचनांच्या रूपाने. सोबत दोन-तीनच प्रश्न द्यावेत, पण ते मजकूर वाचल्याशिवाय सुटणार नाहीत असे असावेत, आणि पुढच्या अंकात उत्तराबरोबर प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा हेही छापावे. घरी शिकणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होईलच, शाळेत जाणाऱ्यांनाही होईल. असा मजकूर तयार करण्यासाठी पालकांचे साहाय्य हवे असल्यास घरी शिकवणारी आम्ही काही कुटुंबे ते काम आनंदाने वाटून घेऊ.

कळावे,
आपली,
घरी मुलांना शिकवणारी एक पालक